खराब बॅकलिंक्स: घाबरायचं कधी आणि साफसफाई करायची कशी

आजचा भाग अशा सगळ्यांसाठी आहे ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे. किंवा घरात कुणाची तरी आहे आणि "तुला त्यातलं कळतं ना, मग तूच बघ" म्हणून ती सांभाळायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. आईचा मसाल्यांचा व्यवसाय असेल, मामांचा कोकणातला होमस्टे असेल, तुमचं स्वतःचं फोटोग्राफीचं काम असेल. साइट छोटी असली तरी तिच्यावरून येणारं गिऱ्हाईक खरं असतं, आणि ते यायचं थांबलं की घरात लगेच कळतं.

अशा साइटवाल्यांना हल्ली एक ईमेल हमखास येतो. मजकूर साधारण असा: तुमच्या साइटला शेकडो विषारी बॅकलिंक्स लागल्या आहेत, गुगल तुम्हाला कधीही शोधातून बाहेर काढेल, अमुक इतक्या हजारांत आम्ही सगळं साफ करून देतो. सोबत लाल आकड्यांनी भरलेली एक पीडीएफ. बघितल्यावर पोटात गोळा येतो. मग माणूस एक तर पैसे भरतो, नाहीतर यूट्यूबवर एक व्हिडिओ बघून स्वतःच दिसेल ती लिंक उडवत सुटतो. या दोन्हींत नुकसान आहे. म्हणून आज नीट समजून घेऊ: खराब बॅकलिंक म्हणजे काय, ती शोधायची कशी, काढायची कशी, आणि मुख्य म्हणजे हात कधी लावायचा नाही.

बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्या कुणाच्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. आपल्याकडे स्थळ बघताना काय करतात? मुलगा स्वतःबद्दल काय सांगतो ते ऐकून घेतात, पण खरी चौकशी गावात करतात. चार भली माणसं चांगलं बोलली की विश्वास बसतो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९८ च्या सुमारास पेजरँकची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे. एखाद्या पानाकडे कोण बोट दाखवतंय आणि बोट दाखवणारा स्वतः किती वजनदार आहे, यावरून त्या पानाचं महत्त्व ठरवायचं.

पण शिफारशीला किंमत आली की शिफारशी विकणारेही येतात. गुगलवर वर दिसण्यासाठी लिंक लागते हे कळल्यावर लिंकचा बाजार उभा राहिला. पैसे द्या, लिंक घ्या. तू मला दे, मी तुला देतो. शेकडो रिकाम्या साइट काढून त्यांच्यावरून एकाच दुकानाकडे बोट दाखवा. गुगलच्या नियमांत या सगळ्याला लिंक स्पॅम म्हणतात. म्हणजे खराब लिंकची साधी व्याख्या काय? जी लिंक कुणी मनापासून दिलेली नाही, फक्त क्रमांक वर नेण्यासाठी लावली आहे, ती.

मोठ्यांनाही फटका बसलाय

२०११ ची गोष्ट. जेसी पेनी हे अमेरिकेतलं जुनं, मोठं डिपार्टमेंट स्टोअर. कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधा, गुगलवर पहिलं नाव त्यांचंच. न्यूयॉर्क टाइम्सला हे जरा जास्तच वाटलं, म्हणून त्यांनी एका जाणकाराकडून तपासणी करून घेतली. तेव्हा दिसलं की दोन हजारांच्या वर पानांवर जेसी पेनीच्या लिंक्स पेरलेल्या होत्या. त्यातल्या कित्येक साइट्सचा कपड्यांशी काडीचाही संबंध नव्हता. एक कॅसिनोची, एक बल्गेरियातल्या घर-जमिनींची! फेब्रुवारी २०११ मध्ये बातमी आली आणि गुगलने हाताने कारवाई केली. प्रवासी बॅगेच्या एका शोधात ते पहिल्यावरून थेट ७१ व्या क्रमांकावर गेले, दिवाणखान्याच्या फर्निचरसाठी पहिल्यावरून ६८ व्या. कंपनीने सांगितलं की हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि ज्या सल्लागार कंपनीकडे काम दिलं होतं तिला काढून टाकलं. यातून आपण एक गोष्ट लक्षात ठेवायची: लिंक एजन्सीने लावली असली तरी फटका साइटच्या मालकालाच बसतो.

दुसरं प्रकरण रॅप जिनियसचं. गाण्यांचे शब्द आणि त्यांचे अर्थ देणारी ही साइट, आता नुसतं जिनियस म्हणतात. डिसेंबर २०१३ मध्ये उघड झालं की ते ब्लॉगवाल्यांना सांगत होते, तुमच्या लेखाखाली आमच्या गाण्यांच्या लिंक्स टाका, आम्ही तुमचा लेख ट्विटरवर फिरवू. ऐन नाताळच्या दिवशी गुगलने त्यांना खाली ढकललं. इतकं खाली, की रॅप जिनियस हेच नाव टाकून शोधलं तरी पहिल्या पानावर त्यांची साइट दिसेना. मग ते कामाला लागले. त्यांच्याकडे येणाऱ्या जवळपास पावणेदोन लाख लिंक्सची पानं तपासायला त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहिला, संशयास्पद लिंक्स काढायला साइटमालकांना ईमेल केले, उरलेल्या गुगलला कळवून नाकारल्या. जानेवारी २०१४ च्या पहिल्याच आठवड्यात ते परतले. आज आपण जी पद्धत बघणार आहोत ती थोड्याफार फरकाने हीच आहे: शोधा, काढायला सांगा, उरलेल्या नाकारा, मग गुगलला कळवा.

आणि गंमत ऐका. २०१२ च्या जानेवारीत गुगलने स्वतःच्याच क्रोम ब्राउझरच्या पानाला साठ दिवसांसाठी खाली ढकललं होतं, कारण जाहिरात म्हणून लिहून घेतलेल्या एका लेखात चुकीच्या प्रकारे लिंक दिली गेली होती.

मग आता काय बदललंय?

इथे तारखा महत्त्वाच्या आहेत, कारण इंटरनेटवरचा बराचसा सल्ला दहा-बारा वर्षं शिळा आहे.

२४ एप्रिल २०१२ ला गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला. खराब लिंक्स असलेल्या साइट्स आपोआप खाली जाऊ लागल्या. लोक घाबरले, म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिसअव्हाउ नावाचं साधन आलं. डिसअव्हाउ म्हणजे नाकारणं. "या लिंक्सशी माझा संबंध नाही, माझा हिशोब करताना त्या धरू नका," असं गुगलला सांगायची सोय. खराब लिंक म्हणजे साइट मेलीच, ही भीती त्या काळातली आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन गुगलच्या मुख्य यंत्रणेचा भाग झाला आणि वागणं बदललं. आता खराब लिंक दिसली की शक्यतो पूर्ण साइटला शिक्षा होत नाही, त्या लिंकची किंमत शून्य धरली जाते. डिसेंबर २०२२ पासून स्पॅमब्रेन ही गुगलची यंत्रणा लिंक विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या साइट्स ओळखायलाही वापरली जाते. बिंगने तर २०२३ मध्ये आपलं डिसअव्हाउचं साधन बंदच करून टाकलं.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? रस्त्यावरून जाणारा कुणीही तुमच्या भिंतीवर पत्रक चिकटवून जाऊ शकतो, त्याबद्दल तुम्हाला दंड होत नाही. कुठल्या तरी परदेशी कचरा साइटवरून तुमच्याकडे दोनशे लिंक्स येत असतील, तर बहुतेक वेळा गुगल त्या धरतच नाही. काळजी त्यांनी करायची ज्यांनी लिंक्स स्वतः विकत घेतल्यात, किंवा ज्यांच्या एजन्सीने "महिन्याला पाचशे बॅकलिंक्स" असं पॅकेज विकलंय.

पायरी एक: आधी निदान

औषधाआधी निदान. गुगल सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे आणि मोबाईलच्या ब्राउझरवरही उघडतं. तुमची साइट तिथे नोंदवलेली नसेल तर हा भाग ऐकून झाल्यावर पहिलं काम ते करा. आत गेल्यावर मॅन्युअल ॲक्शन्स नावाचा विभाग आहे. गुगलमधल्या माणसाने तुमची साइट तपासून हाताने कारवाई केली असेल तर ते तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. तिथे हिरवी टिकमार्क आणि "काही अडचण नाही" असं दिसत असेल तर निम्मी भीती तिथेच संपली. पीडीएफ पाठवणारा काहीही म्हणो.

त्याच्याच खाली सुरक्षेचा विभाग आहे, तोही बघा.

मग म्हणाल, कारवाई नाही, तरी साइटवर येणारे लोक कमी का झाले? कारणं खूप असू शकतात. परफॉर्मन्स अहवालात गेल्या वर्षीच्या याच महिन्यांशी तुलना करा. होमस्टेची साइट जुलैत शांत असेल तर तो पावसाळा आहे, बॅकलिंक नाही. साइटचं डिझाइन बदलताना डेव्हलपरने एखादं पान शोधातून बंद करून ठेवलंय का? गुगलचा एखादा मोठा अपडेट त्याच सुमारास आला होता का? हे सगळं बघून झाल्याशिवाय लिंक्सच्या मागे लागू नका.

पायरी दोन: यादी काढा

सर्च कन्सोलमध्ये लिंक्स नावाचा अहवाल आहे. तुमच्याकडे कोणत्या साइट्स लिंक करतात आणि कोणत्या शब्दांवर लिंक देतात, हे तिथे दिसतं. ज्या शब्दांवर क्लिक केल्यावर तुमची साइट उघडते त्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात. हा अहवाल एक्सपोर्ट करा. त्यात "लेटेस्ट लिंक्स" असा पर्याय मिळतो, तो घेतलात तर तारखाही येतात. इथून पुढे मात्र लॅपटॉप घ्या, मोबाईलवर एवढी मोठी यादी बघताना डोळे जातील.

यादी स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि साइटच्या नावाप्रमाणे लावा. म्हणजे एका साइटवरून आलेल्या तीनशे लिंक्स एकत्र दिसतील आणि काम एकदम आटोक्यात येईल. आता तीन ढीग करा.

पहिला ढीग, खऱ्या शिफारशी. स्थानिक वर्तमानपत्राने बातमी दिली, एखाद्या ट्रेकिंग ग्रुपने राहायची जागा म्हणून तुमचं नाव दिलं, कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थी म्हणून उल्लेख आहे. साइट दिसायला जुनाट असेल, तरी लिंक खरी आहे. हिला अजिबात हात लावायचा नाही.

दुसरा ढीग, आपोआप साचलेला कचरा. इतरांची पानं चोरून छापणाऱ्या साइट्स, फोटोंच्या नकला करणाऱ्या साइट्स, निरर्थक नावांच्या साइट्स. हा प्रत्येकाच्या वाट्याला येतो. सोडून द्या.

तिसरा ढीग, लावून घेतलेल्या लिंक्स. हा ओळखायचा कसा? अँकर टेक्स्ट बघा. खरी माणसं लिंक देताना तुमचं नाव लिहितात, "इथे बघा" म्हणतात, नुसता पत्ता टाकतात. पन्नास वेगवेगळ्या साइट्सवर अगदी तंतोतंत "गुहागरमधील स्वस्त होमस्टे" हेच शब्द असतील, तर ते पन्नास जणांना एकाच वेळी सुचलेलं नाही. दुसरी खूण, विषयाचा मेळ नसणं: जुगार, कर्ज आणि औषधांच्या लेखांमध्ये मधेच तुमचा होमस्टे. तिसरी खूण, तारखा: वर्षभर काही नाही आणि एका आठवड्यात चारशे लिंक्स. जुन्या एजन्सीची बिलं आणि अहवाल असतील तर ते काढा, त्यात ही यादी बऱ्याचदा आयतीच मिळते.

एक वेगळा प्रकार सांगतो. लिंक्स तुमच्या साइटच्या अशा पानांकडे येत असतील जी तुम्ही कधी बनवलीच नाहीत, म्हणजे पत्त्यात सट्टा, औषधं किंवा जपानी अक्षरं, तर प्रश्न बॅकलिंकचा नाही. तुमची साइट हॅक झालेली असू शकते. तेव्हा आधी पासवर्ड बदला, प्लगइन अपडेट करा, घुसवलेली पानं उडवा. पान अस्तित्वात नाही असं उत्तर यायला लागलं की त्याच्याकडे येणाऱ्या लिंक्सनाही अर्थ उरत नाही.

आणि डोमेन सेकंडहँड घेतलं असेल तर वेबॅक मशीनवर जाऊन आधीच्या मालकाने तिथे काय चालवलं होतं ते बघा. जुन्या गाडीची कागदपत्रं बघतो तसंच हे.

पायरी तीन: काढायला सांगा

तिसऱ्या ढिगातल्या साइट्सना छोटा, सभ्य ईमेल करा. कोणत्या पानावर लिंक आहे, ती कुठे जाते, कृपया काढून टाका. बस. खरीखुरी जाहिरात असेल आणि तुम्हाला ती ठेवायची असेल, तर लिंकवर स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो ही खूण लावायला सांगा. नोफॉलो २००५ पासून आहे, स्पॉन्सर्ड २०१९ मध्ये आली. खूण असली की ती लिंक क्रमांक वर नेण्यासाठी नाही हे गुगलला कळतं, आणि जाहिरात करणं हा काही गुन्हा नाही.

कोणाला कधी ईमेल केला, काय उत्तर आलं, हे त्याच स्प्रेडशीटमध्ये लिहीत जा. पुढे उपयोगी पडेल. कुणी लिंक काढायचे पैसे मागितले तर देऊ नका. त्यांच्यासाठी पुढची पायरी आहे.

पायरी चार: नाकारा, पण जपून

डिसअव्हाउचं साधन सर्च कन्सोलच्या मेनूमध्ये दिसत नाही, त्याचं पान वेगळं शोधावं लागतं. गुगलने ते मुद्दामच पटकन हाताला लागणार नाही असं ठेवलंय असं समजा. गुगलचंच सांगणं आहे की हे दोन अटी एकत्र पूर्ण होत असतील तरच वापरा: एक, तुमच्याकडे येणाऱ्या बनावट लिंक्स बऱ्याच आहेत, दोन, त्यामुळे हाताने कारवाई झाली आहे किंवा होण्याची दाट शक्यता आहे.

फाईल साधी टेक्स्ट फाईल असते, युटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली. एका ओळीत एक नोंद. पूर्ण साइट नाकारायची तर इंग्रजीत डोमेन हा शब्द, कोलन, आणि लगेच जागा न सोडता साइटचं नाव. फक्त एक पान नाकारायचं तर त्याचा पूर्ण पत्ता. स्वतःसाठी टीप लिहायची असेल तर ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह. फाईल दोन एमबीपर्यंत आणि एक लाख ओळींपर्यंत चालते, आपल्याला तेवढी लागूच नये. अजून एक अडचण बऱ्याच जणांना येते: सर्च कन्सोलमध्ये साइट डोमेन प्रकाराने नोंदवली असेल तर हे साधन चालत नाही, पूर्ण पत्त्याच्या प्रकाराने पुन्हा नोंदवावी लागते.

नवी फाईल टाकली की जुनी जाते. त्यामुळे जुन्या नोंदी हव्या असतील तर नव्या फाईलमध्येही ठेवा. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. आणि नाकारलेल्या लिंक्स अहवालात दिसतच राहतात, तेव्हा "काम झालं नाही वाटतं" म्हणून पुन्हा पुन्हा फाईल टाकत बसू नका.

धोका कुठे आहे? काही साधनं प्रत्येक लिंकला विषारीपणाचे गुण देतात. हे गुण त्या कंपनीचे, गुगलचे नाहीत. साधनाने लाल दाखवलं म्हणून तुम्ही सरसकट सगळं नाकारलंत आणि त्यात जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची लिंकही गेली, तर तुम्ही स्वतःच्या हाताने एक चांगली शिफारस फेकून दिलीत. म्हणून प्रत्येक साइट उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिचं नाव फाईलमध्ये घालू नका.

पायरी पाच: गुगलला कळवा

ही पायरी फक्त हाताने कारवाई झालेल्यांसाठी. मॅन्युअल ॲक्शन्सच्या पानावरूनच फेरविचाराचा अर्ज करता येतो. त्यात तीन गोष्टी लिहा: नेमकं काय झालं होतं, तुम्ही काय काय केलं, आणि त्याचा परिणाम काय झाला. तुमची स्प्रेडशीट इथे कामाला येते. एजन्सीला शिव्या घालायची जागा ही नाही. उत्तर यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि उत्तर येईपर्यंत दुसरा अर्ज करायचा नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कारवाई उठली म्हणजे जुना क्रमांक परत मिळेलच असं नाही. तो क्रमांक विकतच्या लिंक्सच्या जोरावर आला असेल, तर तो जोर आता गेला. उसन्या पैशांवर दिसणारी श्रीमंती कर्ज फेडल्यावर दिसत नाही, तसंच. पण आता जे काही मिळेल ते तुमचं असेल.

आणि धमकीचे ईमेल?

काही ईमेल तर सरळ खंडणीचे असतात: पैसे द्या, नाहीतर तुमच्या साइटवर लाखो घाणेरड्या लिंक्स सोडू. एक रुपयाही देऊ नका आणि उत्तरही देऊ नका. ईमेल जपून ठेवा, महिन्यातून एकदा लिंक्सचा अहवाल बघा. खरंच लिंक्सचा पूर आलाच, तर साइटच्या नावाने नाकारायची पद्धत आता तुम्हाला माहीत आहे.

तर मंडळी, या आठवड्याचं काम एवढंच: सर्च कन्सोल उघडा आणि मॅन्युअल ॲक्शन्सचं पान बघा. पाच मिनिटांचं काम आहे. तिथे काही नसेल तर तो वेळ आणि ते पैसे साइटवर चांगले फोटो टाकायला, नवीन दर लिहायला, फोन नंबर बरोबर आहे का ते बघायला वापरा. आणि ज्या नातेवाइकांना असा लाल पीडीएफवाला ईमेल आलाय, त्यांनी पैसे भरायच्या आधी हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!